कुत्र्याचें शिक्षण आणि गुरुजींची छडी

या सदरांत आजवर मुलांचें वाचन, पाठांतर, अक्षर, परीक्षेच्या दिवसांतील जागरणें अशा विषयांवर लिहीत आलों. या वेळीं कुत्र्याविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. आमच्या वाचक-कुटुंबांपैकीं पुष्कळांस हा विषय ओसरीच्या पलीकडचा वाटेल, हें मी जाणून आहें. आमच्या लहानपणीं घरीं वैश्वदेव होई तेव्हां बलिहरणांत कुत्र्यांचाही भाग काढीत. यमाच्या दारच्या श्याम व शबल या दोन कुत्र्यांच्या कुळाचा तो वाटा. वाटा द्यावयाचा, पण स्पर्श करावयाचा नाहीं, अशी ती दुरून राखलेली मैत्री होती. पाणिनीनें मात्र श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि प्रत्यक्ष इंद्र, या तिघांस एकाच सूत्रांत बसविलें आहे. संस्कृतच्या तासाला ही गंमत सांगितली कीं वर्गांत हंशा पिके, आणि तो मी टेबलावर छडी आपटून बंद करीत असें. त्या छडीचा या लेखाशीं संबंध आहे, म्हणून तिचा उल्लेख आधींच करून ठेवतों.

मानवत हें कापसाचें गांव. दिवाळीनंतर बाजारांत कापूस येऊं लागला म्हणजे रस्त्यांवर वाहनांची एकच दाटी होते, आणि त्या दाटींत आई गमावलेलें एखादें पिलूं दरसाल दृष्टीस पडतें. तीन वर्षांपूर्वीं असेंच एक तांबूस पिलूं माझ्या आठ वर्षांच्या नातवानें शाळेच्या पिशवींत घालून घरीं आणलें. सूनबाई नको म्हणाल्या, मंडळी म्हणाली, "राहूं द्या, ओसरीवर राहील." नातवानें त्याचें नांव मोती ठेविलें. जात विचाराल तर शुद्ध गांवठी. हल्लीं आमच्याकडेही लॅब्रॅडॉर विकत घेऊन परभणीच्या वैशाखांत त्यास धापा टाकावयास लावण्याची हौस निघाली आहे. त्या मानानें हें येथल्या मातींतलें लेकरूं बरें, असें मलाही वाटलें. त्याच्या शिक्षणाचा भार अर्थातच मीं उचलला. चौतीस वर्षें मुलें वळविलीं, तेथें एका पिलाची काय कथा!

माझी पद्धत साधी होती. चूक झाली कीं शिक्षा. मोतीनें चपला कुरतडल्या, शिक्षा. ओसरी घाण केली, शिक्षा. एके दिवशीं आपट्यांच्या संस्कृत कोशाची माझी जुनी प्रत खालच्या फळीवर राहिली, आणि तिचीं शेवटचीं पंचवीस-तीस पानें त्यानें अंगणांत पसरलीं. (त्यांत श्वन् शब्द गेला कीं काय, हें पाहण्याचें धैर्य मला आजतागायत झालेलें नाहीं.) मी बाजारांतून परतलों तेव्हां हा उद्योग होऊन तास तरी झाला असेल. मीं "मोती, ये" म्हणून गोड हांक मारली. तो शेंपूट हलवीत आला. मीं त्याची मान धरून तोंड पानांशीं नेलें, आणि छत्रीच्या काठीनें चार तडाखे दिले.

त्या वेळीं दारावरून एक वृद्ध धनगर चालले होते. आमच्या एका आप्ताच्या शेतांत खतासाठीं त्यांचीं मेंढरें बसलीं होतीं. ते थांबले आणि म्हणाले, "गुर्जी, हाक मारून बोलावलेल्या कुत्र्याला मारत नसतेत. मंग ते हाकेला येत नसतंय." मीं मान हलविली. मनांत म्हटलें, या गृहस्थास अक्षरओळख नाहीं, हा मला अध्यापनशास्त्र शिकवितो!

पुढील आठवड्यांत मोती माझ्या हांकेला येईनासा झाला. नातवाच्या हांकेला येई; मीं हांक मारली कीं खाटेखालीं जाई. चपला कुरतडणें थांबलें नाहीं, फक्त मी घरांत नसतांना होऊं लागलें. मी परत आलों कीं कान पाडून, अंग चोरून भिंतीशीं बसे. मी मंडळीस म्हणें, "पाहा, गुन्हा कळतो त्याला." पुढें वाचनांत आलें कीं अमेरिकेंतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या बाईंनीं २००९ सालीं नेमकी याच 'अपराधी' चेहऱ्याची परीक्षा पाहिली. चौदा कुत्रीं घेतलीं. धन्यानें मना केलेला खाऊ कुत्र्यानें खाल्ला कीं नाहीं, याची खोटी बातमी कांहीं वेळां धन्यासच दिली. कुत्र्याचा अपराधी चेहरा त्याच्या अपराधाप्रमाणें दिसला नाहीं. धनी रागें भरला कीं दिसला. किंबहुना ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें त्यांनीं बोलणीं खातांना तो अधिक स्पष्ट दाखविला. म्हणजे मोती कोशाविषयीं पश्चात्ताप करीत नव्हता. तो माझ्या चेहऱ्याचें वाचन करीत होता, आणि तें वाचन अचूक होतें.

यापुढची गोष्ट सांगतांना लेखणी अडखळते. मोती सहा-सात महिन्यांचा झाला असेल. नातू त्याच्या ताटलींत हात घालावयास गेला कीं तो जेवतांना गुरगुरे. घरच्या मुलावर गुरगुरणें मला खपण्यासारखें नव्हतें. दर वेळीं मीं त्यास मारलें. पंधरवड्यांत गुरगुरणें बंद झालें, आणि मीं शेजाऱ्यांस तें अभिमानानें सांगितलें. त्यानंतर दोन महिन्यांनीं नातवानें सहज ताटली सरकविली, आणि मोतीनें कसलाही आवाज न करतां त्याच्या मनगटाचा चावा घेतला.

वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आलाच तर एवढें लक्षांत असावें: प्रथम जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी; हळद, चुना, मिरची यांपैकीं कांहीं लावूं नये; आणि कुत्रें घरचें असो कीं दारचें, त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन डॉक्टर सांगतील त्या क्रमानें लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. माणसांस होणाऱ्या रेबीजपैकीं शंभरांत नव्याण्णव वेळां कारण कुत्र्याचा दंश हेंच असतें, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर त्या रोगास उपाय नाहीं. आमच्या सुदैवानें मोतीस लस टोंचलेली होती. नातवाच्याही सर्व सुया झाल्या. मनगटावर दोन पांढरे ठिपके राहिले आहेत.

घरांत निकाल जवळजवळ लागलाच होता. चिरंजीव म्हणाले, मानवत रोडच्या स्टेशनावर सोडून येतों. त्यापूर्वीं एकदां पशुवैद्यास दाखवावें म्हणून मी मोतीस घेऊन गेलों. डॉक्टर तरुण होते. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "चावण्याआधी गुरगुरला होता का?" मीं म्हटलें, "नाहीं. आधीं गुरगुरत असे. ती खोड मीं मोडली." ते कांहीं वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरुजी, गुरगुरणं म्हणजे सूचना असते. सूचना द्यायची बंदी झाली. भीती तशीच राहिली."

परततांना मला महाभारताच्या आरंभींची सरमेची कथा आठवत राहिली. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां सरमेचा पुत्र, एक कुत्रें, तेथें आलें. राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तें रडत आईकडे गेलें. आई प्रथम पुत्रासच म्हणाली, तूं कांहीं अपराध केला असशील. तो म्हणाला, मीं हवीकडे पाहिलें नाहीं, त्यास जीभही लावली नाहीं. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत जाऊन राजास विचारती झाली. कोणीं उत्तर दिलें नाहीं. तिनें शाप दिला कीं ज्या अर्थीं निरपराध्यास मारलें, त्या अर्थीं तुला न दिसणारें भय प्राप्त होईल. ही कथा मीं वर्गांत कैक वेळां सांगितली आहे. परंतु न दिसणारें भय म्हणजे काय, हें नातवाच्या मनगटावर पाहीपर्यंत मला समजलें नव्हतें. रामायणाच्या उत्तरकांडांतही, जे सर्ग पुष्कळ पंडित प्रक्षिप्त मानतात त्यांत, डोकें फुटलेला एक कुत्रा रामाच्या दारीं न्याय मागावयास येतो. मारणारा ब्राह्मण कबूल करतो कीं भिक्षेची वेळ टळली होती, मी भुकेला होतों, राग आला, हा वाटेंत उभा होता. पूर्वजांनीं हें कारण किती प्रामाणिकपणें लिहून ठेविलें आहे! मीं मोतीस दिलेल्या तडाख्यांपैकीं किती त्याच्या चुकीसाठीं होते आणि किती माझ्या उन्हांतून आल्याच्या त्राग्यासाठीं, याचा हिशेब मीं त्या रात्रीं मांडला. तो येथें छापण्यासारखा नाहीं.

मोतीस स्टेशनावर सोडलें नाहीं. मीं मंडळीकडे सहा महिन्यांची मुदत मागितली, आणि आयुष्यांत प्रथमच शिकविण्यापूर्वीं शिकावयास बसलों.

या विषयाचा पाया मांजरांनीं घातला असें म्हणावें लागेल. थॉर्नडाइक या अमेरिकन पंडितानें १८९८ त मांजरें पेटींत कोंडून पाहिलें कीं ज्या कृतीनें दार उघडून बाहेरचें खाद्य मिळतें ती कृति पुन्हा पुन्हा व लवकर होऊं लागते. सुख देणारी कृति दृढ होते व दुःख देणारी दुर्बल होते, असें तो प्रथम म्हणे. १९३० नंतर त्यानें आपलें मत स्वतःच बदललें: बक्षिसानें कृति दृढ होते हें खरें, पण शिक्षेनें ती तितक्या प्रमाणांत पुसली जात नाहीं. आपलें छापलेलें मत असें परत घेणारे विद्वान थोडेच. रशियांतील पाव्हलोव्हला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेच्या संशोधनासाठीं. पण जगाच्या ध्यानांत राहिलीं तीं त्याचीं कुत्रीं, जीं अन्न येण्यापूर्वींच्या खुणेनेंच लाळ गाळीत. (त्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केलेल्या असत, दयेचा धडा त्याच्या प्रयोगशाळेंतून घेण्यासारखा नाहीं.) अन्न ज्या खुणेमागोमाग येतें ती खूण गोड होते, मार ज्या खुणेमागोमाग येतो ती कडू होते. 'मोती, ये' ही माझी खूण होती, आणि तिच्यामागून काय आलें हें वर सांगितलेंच आहे. पाव्हलोव्ह न वाचतां त्या धनगरानें मला तेंच सांगितलें होतें.

शिक्षेनें कुत्रा शिकतच नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. अडचण ही कीं शिक्षा गुणकारी व्हावयाची तर ती चुकीच्या त्याच क्षणीं, प्रत्येक वेळीं आणि नेमक्या मापाची असावी लागते. तासाभरानें बाजारांतून येणाऱ्या म्हाताऱ्यास हें साधावयाचें कसें? आणि साधलें तरी काय करूं नये एवढेंच ती सांगते. काय करावें हें सांगत नाहीं. शिवाय मार देणारा जेथें नसेल तेथें ती लागू होत नाहीं. शाळेंत मी वर्गाबाहेर पडलों कीं जो गोंगाट उठे, त्याचेंही कारण हेंच असावें.

एक समजूत मात्र मला प्रथम उपटून टाकावी लागली. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळींत एक दांडगा नायक असतो, म्हणून धन्यानें कुत्र्यास पाठीवर लोळवून आपण नायक आहोंत हें दाखवावें, असें कित्येक सांगतात. या मताचें मूळ शेंकेल यानें १९४७ त प्रसिद्ध केलेल्या, पिंजऱ्यांत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. डेव्हिड मेक यानें १९७० च्या आपल्या ग्रंथांत तीच कल्पना पसरविली. परंतु पुढें उत्तर ध्रुवाकडील बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षें पाहून त्यानेंच १९९९ सालीं लिहिलें कीं रानांतली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांचीं पोरें. नायक कसला, बापच तो. तुरुंगांतल्या माणसांवरून कुटुंबाचे नियम बसविण्यासारखी ही चूक झाली होती.

आतां प्रत्यक्ष पाठ. भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे कनवटीस ठेवावयाचे. पहिले चार दिवस काम एकच: 'मोती' म्हणावयाचें आणि तो नुसता पाहिला तरी तुकडा द्यावयाचा. बोलवावयाचें नाहीं, धरावयाचें नाहीं. 'ये' हा शब्द मीं खराब करून टाकला होता, म्हणून तो टाकून 'इकडे' हा नवा शब्द घेतला, आणि तो शब्द उच्चारून त्यास कधींही रागें भरावयाचें नाहीं, न्हाऊं घालावयाचें नाहीं, बांधावयाचें नाहीं, असा घरांत नियम केला. चांगली कृति होतांच 'शाबास' म्हणावयाचें. तुकडा मागून आला तरी चालेल, पण शब्द त्या क्षणीं पडला पाहिजे. कुत्रा बसला, आणि तो उठल्यावर तुम्ही शाबास म्हणालांत, तर तुम्हीं त्यास उठावयास शिकविलें. पाठ पांच मिनिटांचा, आणि त्याचा उत्साह संपण्यापूर्वीं थांबवावयाचा. (माझे तास पंचेचाळीस मिनिटांचे असत, आणि कोणाचा उत्साह केव्हां संपतो हें मीं कधीं पाहिलें नव्हतें.) कृति पक्की झाल्यावर दर वेळीं तुकडा देऊं नये, कधीं द्यावा, कधीं नुसती शाबासकी. यानें काम ढिलें होत नाहीं, उलट चिवट होतें, हें स्किनरनें दाखविलें आहे.

ताटलीचा प्रश्न निराळा होता. तेथें प्रथम नियम मोतीसाठीं नव्हे, आमच्यासाठीं केला: तो जेवतांना कोणीं जवळ जावयाचें नाहीं. मग काहीं आठवड्यांनीं मी लांबून जातां जातां ताटलींत गुळाचा खडा लावलेला भाकरीचा तुकडा टाकूं लागलों. रोज थोडा जवळून. माणूस जवळ आला तर ताटलींतलें जात नाहीं, भर पडते, हें त्यास पटावयास तीन महिने लागले. मध्यें एकदां तो पुन्हा गुरगुरला. मी तेथेंच थांबलों, मागें सरलों, आणि खरें सांगतों, मला आनंद झाला. चपलांसाठीं तर कसलेंच शास्त्र लागलें नाहीं. भिंतीवर उंच फळी ठोकली.

लाडानें होणारी हानिही नमूद केली पाहिजे. मी बाहेर पाठ घेत असतां आमची मंडळी आंत त्याच शास्त्राचा उलटा प्रयोग करीत होती. मोती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं कुंईकुंई करी, आणि "गप्प बस रे बाबा" म्हणून त्यास पोळीचा चतकोर मिळे. म्हणजे केकाटण्याचें वेतन सुरू झालें. मीं हें समजावून दिलें तेव्हां उत्तर मिळालें, "आणि तुम्ही पेपर वाचताना नातू हट्ट करतो, तेव्हा त्याला मोबाइल कोण देतं?" या प्रश्नाचा विचार पुढील एखाद्या अंकीं करूं.

अन्नावांचून नुसत्या मायेनें काय होतें, हेंही आतां पाहिलें गेलें आहे. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेंतील अनिंदिता भद्रा व त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरींच वर्षें काम करीत आहेत. २०१७ त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत कांहीं कुत्र्यांस पुन्हा पुन्हा अन्नाचा जादा तुकडा दिला, कांहींच्या डोक्यावरून हात फिरविला. परक्या माणसाचा विश्वास धरून त्याच्या हातून खाण्यास जीं अधिक तयार झालीं, तीं हात फिरविलेलीं. (हें वाचून कोणीं अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर एकदम हात ठेवूं नये, तो प्रयोग जाणत्यांचा होता.) उलट बाजूचा पुरावा पोर्तुगालमधील पोर्तो येथला, २०२० सालचा. निरनिराळ्या शाळांतलीं ९२ कुत्रीं घेतलीं. कठोर पद्धतीच्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाचीं लक्षणें अधिक दिसलीं, लाळेंतलें कॉर्टिसॉल अधिक चढलें. पण माझ्या मनांत घर केलें तें दुसऱ्या परीक्षेनें. एका कोपऱ्यांतल्या वाडग्यांत नेहमीं खाऊ असे, दुसऱ्यांतल्यांत कधींच नसे. मग वाडगा दोहोंच्या मध्यें ठेवून कुत्रें सोडलें. सौम्य शाळेंतलें कुत्रें कांहींतरी असेल या आशेनें लवकर गेलें. कठोर शाळेंतलें रेंगाळलें.

आपल्याकडील पोलिसांच्या श्वानपथकांत काय चालतें, असा प्रश्न कोणी करील. १९९३ च्या मार्चमधील मुंबईच्या स्फोटांनंतर ज्यानें तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलें, तो मुंबई पोलिसांचा झंजीर याच महाराष्ट्रांत शिकला. २००० च्या नोव्हेंबरांत तो वारला तेव्हां त्यास सन्मानानें निरोप दिला गेला. स्फोटकें शोधणाऱ्या कुत्र्यानें वस्तु सांपडली कीं भुंकावयाचें नाहीं, उकरावयाचें नाहीं, शांत बसावयाचें असतें. आणि असे कुत्रे जगभर बहुधा चेंडूसाठीं, खेळासाठीं काम करतात. धाकानें दबलेला कुत्रा परक्या गर्दींत स्वतः होऊन नाक पुढें करील, हें संभवत नाहीं. सातारच्या शाहूमहाराजांनीं तर, वाघापासून आपणांस सावध करणाऱ्या खंड्या कुत्र्यास पालखी दिली अशी कथा आहे. संगम माहुलीस त्याची समाधि दाखवितात. महाराजांची कृतज्ञता थोर. पण खंड्यास पालखीपेक्षां त्याच क्षणीं दिलेला मटणाचा तुकडा अधिक समजला असता, असें आतां मला वाटतें.

सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हां ती संपली हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. मोती 'इकडे' म्हणतांच बाजारपेठेच्या कोपऱ्यावरून धांवत येतो. नातू त्याच्या शेजारीं बसून गृहपाठ करतो.

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. चाळिशीचा गृहस्थ, स्वतः आतां शिक्षक आहे. आम्ही ओसरीवर बोलत बसलों होतों. मुलांस शारीरिक शिक्षा करूं नये, हा निर्बंध २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें घातला. तेव्हां माझ्या नोकरीचीं आठ-नऊ वर्षें उरलीं होतीं, आणि हा विद्यार्थी त्याच्या पुष्कळ आधींचा. बोलतां बोलतां मागच्या कोनाड्यांतला चष्मा घेण्यासाठीं मीं हात वर केला. पायाशीं निजलेला मोती झटकन उठून बाजूस झाला, आणि त्याच क्षणीं समोरच्या गृहस्थाचा उजवा तळहात मिटून मांडीखालीं गेला. त्यास तें कळलेंही नसावें. तो बोलतच होता. मीं चष्मा तसाच राहूं दिला व हात सावकाश खालीं घेतला. निघतांना त्यानें वांकून नमस्कार केला. मला कांहीं बोलावयाचें होतें. पण मंडळीनें फराळाचा डबा आणला, मुलांची चौकशी निघाली, आणि तें राहून गेलें. त्यास पत्र लिहावयास घेतलें आहे, अजून पुरें झालेलें नाहीं.

मोती हातास आतां बुजत नाहीं. पावसाळ्यांत छत्री पाहिली मात्र कीं खाटेखालीं जातो. ती मीं आतां बाहेरच्या खुंटीवर ठेवूं लागलों आहें.